मेलेल्या भावाचं नाव

माझे सासरे सायलस यांना पुरून आठवडाही झाला नव्हता, तोच जमीनदाराचे नवे कारभारी मिस्टर स्पार्गो दारात उभे राहिले. घर रिकामं करा म्हणाले.

आमच्या कॉर्नवॉलमध्ये जुने भाडेपट्टे वर्षांवर नसतात, जिवांवर असतात. कागदात तीन नावं. त्यांतलं एक जरी श्वास घेत असलं तरी घर आणि शेत आपलं. आमच्या कागदात सासरे, त्यांची बहीण आणि माझा पास्को. ती दोघं गेली. पास्को माझ्या कडेवर होता, नाक गळत होतं.

स्पार्गोंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाई, नाव बरोबर आहे. पोर चुकीचं आहे."

पास्को माझा दुसरा मुलगा. पहिलाही पास्कोच होता, तीन आठवड्यांत गेला. इथल्या रीतीप्रमाणे त्याचं नाव आम्ही पुढच्याला दिलं. सासऱ्यांनी पट्ट्यासाठी नाव कळवलं ते पहिल्याचं. कागद कचेरीत पडून राहिला, सह्या झाल्या तोवर दुसरा रांगू लागला होता. नाव तेच, म्हणून कुणी काही बदललं नाही. स्पार्गोंचं म्हणणं, पट्टा थडग्यातल्या पोराच्या जिवावर होता, म्हणजे संपला.

जेनकिन, माझा नवरा, मला म्हणाला, "ट्रुरोच्या कॉलेजात शिकलीस ना? मग दुसरं नाव सुचलं नाही तुला?" त्या नावाचा हट्ट त्याच्याच बापानं धरला होता. मला सह्यांचा दिवस आठवत होता. तेव्हाचे कारभारी मिस्टर टोंकिन 'जीव' बघायला स्वतः आले होते. वासरू पारखावं तसे त्यांनी पास्कोचे पाय चाचपले आणि तोंडात बोट घातलं.

मी टोंकिनना भेटायला गेले. म्हातारे आता जमीनदाराच्याच घरात फुकट राहत होते. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, शब्द दिला नाही. आम्ही घर सोडलं नाही, तेव्हा स्पार्गोंनी दावा लावला.

बॉडमिनच्या कोर्टात स्पार्गोंच्या वकिलानं टोंकिनना विचारलं, तुम्ही कोणतं पोर मान्य केलंत? म्हातारे म्हणाले, "जे चावलं ते."

लोक हसले. जज्जांनी त्यांना नीट सांगायला सांगितलं.

"दोन दात होते, साहेब. मी सायलसला म्हटलंसुद्धा, हा आमच्या मालकाला चावून खाणार. तीन आठवड्यांचं पोर चावत नाही."

निकाल आमच्या बाजूनं लागला. बाहेर पायरीवर स्पार्गोंनी टोपी काढून पास्कोच्या गालाचा चिमटा घेतला. "जपा हो याला. हिवाळा वाईट आहे यंदाचा."

गाडीवरून परतताना जेनकिन एकटाच बडबडत होता: छप्पर शाकारू, वरच्या शेताला कुंपण घालू. मी पास्कोला शालीत गुंडाळून त्याच्या छातीवर हात ठेवला होता. आत काहीतरी घरघरत होतं. वळणावरून घर दिसायला लागलं आणि पास्को खोकला, कोरडा, लांब.

जेनकिन बोलायचा थांबला. त्यानं पोराकडे पाहिलं नाही, छपराकडे पाहिलं. ते मला कळलं, कारण मीही तिकडेच बघत होते.