पाचवी जुम्मगी

आभाळ कोरडं ठणठणीत असताना नदीला पूर येतो, हे सोलापूरच्या माणसाला सांगून पटत नाही. पूर म्हणजे पाऊस, एवढंच त्याला ठाऊक. भीमेकाठची माणसं मात्र आभाळाकडे बघत नाहीत, उजनीकडे कान लावून बसतात. तिकडे पुण्याकडे पाऊस झाला की धरण भरतं, धरण भरलं की पाणी सोडतात, आणि इकडे लख्ख उन्हात घाटावर वाळत घातलेली धुणी नदी घेऊन जाते. गुलनाज नवी पेठेत वाढलेली पोर. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो तिच्या शेजारी बसून जेवत होता.

तो म्हणजे तिचा नवरा, अतीक. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. लग्नानंतर नवरानवरीला पाच शुक्रवार नातलगांनी जेवायला बोलवायचं, ही त्यांच्यातली रीत. तिला जुम्मगी म्हणतात. चार जुम्मग्या सोलापुरातच उरकल्या. पाचवी राहिली होती ती नूरघाटच्या अकबरीखालाकडची. खाला म्हणजे अतीकच्या आईची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे अतीकवर सगळा जीव. तिच्या घरची जुम्मगी टाळणं म्हणजे म्हातारीच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं.

"पुढच्या शुक्रवारी जाऊ या का?" गुलनाजनं घरी विचारून पाहिलं होतं. कारण जुम्मगीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, तिला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. नर्सिंग पूर्ण करून दोन वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली ही पहिली पक्की नोकरी. मेट्रन रत्नम्माबाईंनी फोनवर बजावलं होतं, "दहाला ये. नाही आलीस तर दुसरी मुलगी दारात उभीच आहे." लग्न ठरवतानाच नोकरीचं बोलणं झालं होतं आणि सासूनं तेव्हा गोड हसून मान हलवली होती. सासवांच्या माना लग्नाआधी फार सैल असतात.

"सकाळी जायचं, संध्याकाळी परत," अतीक म्हणाला होता. "आणि आत्ता तिथं कुत्रंसुद्धा नसतं. हिवाळ्यात सहली येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. निवांत बघून होईल सगळं."

निवांत होतं, यात खोट नव्हती. मोटारसायकल करकंब सोडून उसातल्या रस्त्यानं नदीवर आली आणि बंधाऱ्यावरून पलीकडे गेली, तेव्हा गुलनाज हरखून गेली. काळ्या दगडाचा रुंद घाट थेट पाण्यात उतरलेला. वर किल्ल्याचा एक बुरूज, त्याच्या अंगाला दर्गा आणि दर्ग्याला खेटून महादेवाचं देऊळ. फोटोवाल्यांच्या टपऱ्या बंद, होड्या उलट्या घालून ठेवलेल्या, रसाच्या गाड्याला ताडपत्री बांधलेली. घाटावर एकटी मायाक्का नावाची बाई शेळ्या घेऊन बसली होती. तिनं दोघांकडे बघून विचारलं, "आज कसं काय आलाव? पाणी येनार हाय म्हनत्यात की."

"येऊ दे की," अतीक हसला आणि गुलनाजला हाताला धरून घाईनं पुढं घेऊन गेला. तिला त्या हात धरण्याचं अप्रूप वाटलं. वेडी पोर.

अकबरीखालाचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. म्हातारीनं पहाटेपासून चूल पेटवून ठेवली होती. तिनं गुलनाजचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कानशिलावर बोटं मोडली. नमाज झाल्यावर जेवणाचा दस्तरखान पसरला. गोश्त झालं, पुलाव झाला, आणि तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजायला लागला. उजनीतून पाणी सोडलेलं आहे, नदीकाठच्या लोकांनी जनावरं वर घ्यावीत, तासाभरानंतर बंधाऱ्यावरून कुणीही जाऊ नये.

गुलनाजच्या हातातला घास हातातच राहिला. "दुसरा रस्ता आहे ना?"

"मागनं हाय की," खालाचा नवरा शेखलालखालू म्हणाला. "पन ओढ्यात पाणी फुगलं की त्योबी बंद. मग गाव म्हंजे बेटच."

अजून वेळ होता. आत्ता उठलं तर बंधारा गाठता आला असता. पण उठायचं कसं? जुम्मगीला यजमानीण स्वतःच्या हातानं विड्याचं पान देते, तेव्हा पाहुणे निघतात. पान हातात पडल्याशिवाय उठणं म्हणजे वाढलेल्या ताटावर लाथ मारणं. नव्या नवरीनं तर तसं करूच नये. असं काही केलं की पोरीच्या आईचा उद्धार होतो, आणि तो पुढची वीस वर्षं होत राहतो.

तिनं अतीककडे बघितलं. तो खाली मान घालून हाड चोखत होता.

"खाला, फार छान झालं सगळं," गुलनाज म्हणाली. "आता पान द्या."

"बैठ बेटी. इतनी कायकू घाई? जर्दा चुलीवर हाय अजून."

जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, आला. मग खालानं पेटी उघडून नवरीसाठी घेतलेली साडी दाखवली. मग अतीक लहानपणी विहिरीत पडला होता ती गोष्ट झाली. खिडकीतून घाट दिसत होता. गुलनाजनं सकाळी ज्या पायरीवर बसून फोटो काढला होता, ती पायरी आता कुठं दिसेना. पाणी आवाज करत नव्हतं, धावत नव्हतं. ते नुसतं वर येत होतं, मातकट आणि जाड. दार उघडं होतं, कुणी हात धरलेला नव्हता, सगळे तिच्यावर माया करत होते, आणि तिला हलता येत नव्हतं.

"पान, खाला," ती पुन्हा म्हणाली.

"देते की गं. चहा घे आदी."

चहाचा कप समोर आला आणि गुलनाज उठली. पदर सावरला, चपला घातल्या आणि चालू पडली. मागे कप कलंडल्याचा आवाज झाला.

बंधारा पाण्याखाली गेला होता. तो नेमका कुठं होता हे ओळखण्यापुरते लोखंडी कठड्याचे दोन खांब तेवढे पाण्याबाहेर उरले होते. काठावर पोलीस पाटील दोरी बांधत होते, गावातली चार माणसं बघत उभी होती; मागचा ओढाही फुगला म्हणत होती. पलीकडे रस्ता स्वच्छ दिसत होता. एक एसटी उसामागून करकंबकडे निघालेलीही दिसली. ऊन लख्ख पडलेलं. गुलनाजला रडू आलं आणि ते तिनं थांबवलं नाही.

अतीक धापा टाकत आला. "काय हे? पान न घेता उठलीस? लोक काय म्हणतील?"

"माझी नोकरी गेली, अतीक."

"जाऊ दे ना. अम्मी म्हणतच होती, नवी सून रात्रपाळ्या करत फिरली तर बरं दिसत नाही. आता घरात भांडण नाही, तंटा नाही. पाण्यापुढं कुणाचं काय चालतंय? मॅडमला सांग, पुरात अडकले. तुझ्यावरही बोल नाही, आमच्यावरही नाही."

गुलनाज त्याच्याकडे बघतच राहिली. माणूस खूश असला की नको ते बोलून जातो, तसं अतीकचं झालं होतं.

"तुम्हांला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पाणी सोडणार हे सकाळीच ठाऊक होतं."

अतीकनं नजर पाण्याकडे वळवली. एवढ्यात मागून अकबरीखाला आली. गुडघे धरलेले, तरी उतार उतरून आली होती.

"पोरी, रागावलीस व्हय माज्यावर? तुज्या सासूचा फोन आल्ता. म्हनली, गुलनाजला चार दिवस ऱ्हायचंय, पन लाजतीय, तू पान उशिरा दे. मला काय म्हाईत गं?" म्हातारी अतीककडे वळली. "खोटं बोलून माज्या हातनं करून घेतलं की रे, अतीक."

गुलनाजला म्हातारीचा राग आला नाही. सासूचाही त्या क्षणी आला नाही. राग आला तो ज्याचा हात सकाळी धरून ती हरखली होती त्याचा. तिनं डोळे पुसले आणि फोन काढला.

"हां, सांग तेवढं," अतीक हलकेच म्हणाला. "पूर म्हणून सांग."

रत्नम्माबाईंनी फोन उचलला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती.

"बाई, गुलनाज बोलतेय. उद्या येता येत नाही. भीमेपलीकडे अडकलेय."

"पाणी आलं का? बातमी बघितली मी."

इथं नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं. घरची अब्रू झाकली गेली असती आणि कदाचित नोकरीही वाचली असती. अतीक मान हलवून तिला हो म्हण, हो म्हण, सुचवत होता.

"पाणी आलंय, बाई. पण मला पाण्यानं नाही अडवलं. माझ्या नवऱ्यानं आणि सासूनं ठरवून अडवलं."

अतीकचा चेहरा उतरला. पोलीस पाटलांचा दोरीवरचा हात थांबला. खालानं पदर तोंडाशी नेला.

फोनवर बाईंनी मागच्या कुणाला तरी थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग रत्नम्माबाई सावकाश म्हणाल्या, "पाण्यात अडकलेल्या मुलीसाठी मी दोन दिवस थांबले असते. पाणी उतरतं. घरात अडकलेल्या मुलीसाठी किती थांबायचं, ते तूच मला सांग."

गुलनाजनं समोर बघितलं. पाणी अजून चढतच होतं.

"पाणी उतरेपर्यंतच थांबा, बाई," ती म्हणाली. "तिथून पुढं मी कुणाला विचारणार नाही."

"सोमवारी दहाला," बाई म्हणाल्या. "एकटी ये."

फोन बंद झाला. अतीक काहीतरी बोलायला गेला, पण सगळा काठ ऐकत उभा होता. नदीपलीकडे जायला वाट नव्हती आणि खालाच्या घराशिवाय जागा नव्हती. सोमवारपर्यंत दोघांना एकाच छपराखाली काढायचं होतं. गुलनाजनं खालाला आधाराला हात दिला आणि नवऱ्याकडे न बघता ती चढ चढू लागली.