चार ठिपक्यांचा कागद

स्वप्ना कांबळेचा फोटो पेपरात छापून आला, त्या दिवशी राजवर्धनने डबा खाल्ला नाही. विभागात सगळ्यांनी पेढे खाल्ले, शिपाई जोतीरामने तर दोनदा हात पुढे केला. राजवर्धनने आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि घरी जाताना रस्त्यावरच्या कुत्र्याला घातला. "पोट बरं नाही," असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. दुखत पोटातच होतं.

ही १९९७ सालची गोष्ट. सांगलीतल्या एका कॉलेजात ही दोघं जीवरसायनशास्त्र शिकवत. स्वप्नाने एक कागद तयार केला होता, बोटभर लांब, आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे चार ठिपके. एक नागाचा, एक मण्यारीचा, एक घोणसेचा, एक फुरशाचा. सापाचं विष म्हणजे मुळात प्रथिनं. प्रत्येक ठिपक्यात असा पदार्थ भरलेला, की तो एकाच सापाचं प्रथिन नेमकं ओळखून धरून ठेवायचा. रुग्णाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, कागद धुवायचा, रंगाचं औषध घालायचं, पुन्हा धुवायचा. ज्या सापाचं विष अंगात असेल त्याचा ठिपका निळा होई. अर्ध्या तासात निकाल हातात. खरी गरज होती ती मण्यारीसाठी. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते; सूज नाही, आग नाही. माणूस सकाळी उठून पोट दुखतंय म्हणतो, आणि दुपारपर्यंत त्याचा श्वास बंद पडतो. घरच्यांना कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ती वेळ हा कागद मिळवून देणार होता.

कल्पना स्वप्नाची, हे राजवर्धनलाही नाकारता येत नव्हतं. पण आठ महिने तोही तिच्याबरोबर राबला होता. मध्ये एकदा सलग आठवडाभर चारही ठिपके निळे यायला लागले तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते. कारण शोधलं ते राजवर्धनने. प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये कुणीतरी डब्यातला मुळा धूत होतं. मुळ्याच्या, त्याच्या पाल्याच्या रसात रंग चढवणारा पदार्थ असतो, तो पाण्यात उतरला की सगळाच कागद रंगतो. धुण्याचं पाणी नितळ हवं, हा नियम त्याचा. पेपरवाल्याने मात्र शेवटी एक ओळ टाकली होती: 'सहकाऱ्यांचे साहाय्य लाभले.' सहकाऱ्यांचे! नाव लिहायला शाई संपली होती की काय!

एवढंच असतं तर दोन दिवस धुसफूस करून तो गप्प बसला असता. स्वप्ना पुढे गेली हे त्याला सलत होतं, पण 'कांबळे' पुढे गेली हे जास्त सलत होतं. शहाण्णव कुळी सुभेदाराचा मुलगा 'सहकाऱ्यां'त, आणि कराडजवळच्या मलकापूरच्या एस.टी. मेकॅनिकची मुलगी फोटोत! हे त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही. चहाच्या टेबलावर तो हसत हसत फक्त एवढंच म्हणायचा, "त्यांचं बरं आहे बुवा, सगळीकडे राखीव जागा." स्वप्ना विद्यापीठात पहिली आली होती आणि हा सातवा, हे त्या वेळी त्याला सोयीस्करपणे आठवत नसे.

श्रावणाच्या तोंडावर आरोग्य खात्याने कळवलं की कागद खऱ्या रुग्णांवर वापरून दाखवा, जमला तर पुढे नेऊ, नाहीतर फाईल बंद. शिराळा भागात तेव्हा नागपंचमीची धामधूम, पोरं नाग धरायला बांधबांध पालथे घालत होती, आणि सर्पदंशाचे रुग्णही याच दिवसांत जास्त. राजवर्धनचं गाव शिराळ्यापासून चार मैलांवर. विभागप्रमुख सहज म्हणाले, "मग मॅडमची सोय तुमच्याच घरी करा की." त्याला नाही म्हणता आलं नाही.

घरी पोचल्या पोचल्या आई शालूबाईंनी त्याला चुलीपाशी बोलावलं. "राजा, ह्या बाई कुणापैकी रं?"

'आमच्या कॉलेजातल्या मॅडम आहेत,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण राजवर्धनने जराही वेळ न लावता सांगितलं, "कांबळे. मलकापूरच्या."

शालूबाईंनी पुढचं काही विचारलं नाही. स्वप्नाचं अंथरूण बाहेरच्या सोप्यात पडलं. तिच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा निघाला. पाणी द्यायचं ते वरून ओतून. माजघरात तांब्याचा हंडा होता, तिकडे जायची वेळ येणार नाही याची काळजी सगळ्यांनी गोड बोलत घेतली. सुभेदार लालासाहेब तर तिच्याशी फार अदबीने बोलले. फौजेत बारा जातींच्या पोरांबरोबर एका लंगरात जेवलेला हा माणूस, पण घराच्या उंबऱ्याला आला की पेन्शनीच्या कागदांबरोबर ते सगळं ट्रंकेत ठेवून देत असे. स्वप्नाला हे कळत नव्हतं असं नाही. लहानपणापासून तिला असले कप ओळखता येत होते. काम महत्त्वाचं, म्हणून ती गप्प राहिली.

गप्प राहिली नाही ती क्रांती. राजवर्धनची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, बारावी पास. दिवसभर ती स्वप्नाच्या मागे मागे. नळ्या धुऊन दे, बर्फ आणून दे, हे काय नि ते काय. "दादा, स्वप्नाताई लय भारी हाय! मला बी.एस्सी.ला घाल की सांगलीला. मला ताईसारखं व्हायचंय."

ताईसारखं. आठ वर्षं शिकवतोय तो दादा घरात बसलाय, त्याच्यासारखं नव्हे! राजवर्धनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी तिच्या अंथरुणावर बसायचं बंद कर," तो म्हणाला, "आई ओरडेल." क्रांती मुद्दाम जाऊन त्याच अंथरुणावर बसली.

तीन दिवसांत पाच रुग्ण झाले आणि पाचही निकाल बरोबर आले. पाचव्याला तालुक्याच्या डॉक्टरांनी स्वप्नाची पाठ थोपटली तेव्हा राजवर्धन पाठमोरा होऊन पिशवी आवरत होता. एकदा तरी चुकावं, एवढंच त्याच्या मनात येत होतं. एकदाच, सगळ्यांसमोर.

चौथ्या दिवशी सकाळी क्रांती सोप्यात आली ती पोट दाबत. "ताई, पोटात लय कळ मारतीया. आन् घसा असा धरल्यावानी झालाय."

"काल खाली झोपली होतीस?" स्वप्नाने एकदम विचारलं. तिने क्रांतीचे हात, पाय, मान तपासली. कोपराच्या मागे टाचणी टोचावी तसे दोन बारीक ठिपके होते. "सर, तुमची जीप काढा. कराडला नेऊ."

"आवं, पोट दुखतंय पोरीचं," शालूबाई म्हणाल्या. "चिमूटभर ववा देते, थांबंल."

लालासाहेब बाहेर आले. "तुमचा कागद हाय न्हवं? बघा त्येच्यात. मण्यार निघाली तर ह्या पावली नेतो. उगं जीप कशाला?"

म्हणणं रास्त होतं. स्वप्नाकडे तीन कागद उरले होते. शुद्ध पाण्याचा कॅन मात्र आदल्या दिवशीच संपला होता, दुसरा दुपारच्या एस.टी.ने यायचा होता. तिने क्रांतीचं रक्त नळीत घेतलं, थेंब टाकला आणि म्हणाली, "काकू, प्यायचं पाणी द्या जरा. अगदी स्वच्छ पाहिजे."

शालूबाई आत गेल्या आणि मागल्या दाराने गोठ्याकडे वळल्या. राजवर्धन तिथेच उभा होता. गोठ्याच्या दाराशी पत्र्याचा डबा असायचा, कामाला येणाऱ्या धोंडुबाईसारख्यांना पाणी द्यायला वेगळा ठेवलेला. त्यातच शालूबाई म्हशीसाठी मुळ्याचा पाला भिजत घालत. आजही घातला होता. त्यांनी पाला उपसून बाजूला टाकला, पाणी फडक्यातून गाळलं आणि तांब्या भरून घेतला.

राजवर्धनने सगळं पाहिलं. त्याला काय करायचं होतं? 'आई, हंड्यातलं दे,' एवढे तीन शब्द. ते त्याच्या जिभेवर आलेही होते. तेवढ्यात त्याला पेपरातला फोटो आठवला. बहिणीचं नुसतं पोट दुखतंय, असं त्याने स्वतःला बजावलं. चुकू दे एकदा.

शालूबाईंनी वरून पाणी ओतलं. स्वप्नाने कागद धुतला, रंग घातला, पुन्हा धुतला. चारही ठिपके निळे झाले.

तिचा चेहरा पडला. तिने मान वर केली आणि सरळ त्याला विचारलं, "सर, पाणी ठीक आहे ना? कुठलं आहे?"

"प्यायचंच आहे," राजवर्धन म्हणाला. "हंड्यातलं."

तिने विश्वास ठेवला. कुणाच्या पाण्यावर नाही, त्याच्या शब्दावर. पाण्याचा नियम त्याचाच होता ना! त्याच पाण्यात दुसरा कागद धुतला, पुन्हा चारही निळे. लालासाहेब हसले. "म्हंजी चारी सापांनी मिळून चावलंय म्हना की!" शेजारचा मानसिंगही खो खो हसला. राजवर्धन हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. हे त्याला पुढे जन्मभर विसरता येणार नव्हतं.

"कागद चुकला असेल," स्वप्ना कळवळून म्हणाली, "मी चुकले असेन. पण तिला न्या. पाया पडते तुमच्या."

कुणी हललं नाही. शालूबाईंनी ओवा दिला. दोन तासांनी क्रांतीच्या पापण्या मिटायला लागल्या. "आई, मला तू दोन दोन दिसतीयास," ती म्हणाली, आणि मग तिला शब्द काढता येईना.

जीप निघाली. कासेगावजवळ तिचा श्वास अडकला. स्वप्नाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाला तोंड लावलं आणि मलकापूर ओलांडून कराडच्या दवाखान्याच्या दारापर्यंत आपला श्वास तिच्या छातीत भरत राहिली. शेजारी शालूबाई होत्या. त्या वेळी त्यांना काही विटाळ झाला नाही.

संध्याकाळी क्रांती गेली. डॉक्टर म्हणाले, "मण्यार. दोन तास आधी आणायला हवं होतं."

तेराव्यानंतर लालासाहेब मानसिंगला घेऊन सांगलीला आले. हातात अर्ज होता: 'खोट्या कागदाच्या भरवशावर माझी मुलगी गेली, सदर बाईंवर कारवाई व्हावी.' विभागप्रमुख आणि आरोग्य खात्याचे डॉक्टर टेबलामागे बसले होते. स्वप्ना उभी होती, तेरा दिवसांत अर्धी झालेली. "कागद दोन्ही वेळा चुकला," ती म्हणाली. "कारण मला सापडलं नाही. तुम्ही द्याल तो निर्णय मला मान्य आहे."

राजवर्धनला जे जे हवं होतं ते समोर वाढून ठेवलं होतं. फाईल बंद, नाव खाली, फोटोची रद्दी. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तो आता पटाईत झाला होता.

तो उठला. प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून, गावाहून बर्फात आणलेली क्रांतीच्या रक्ताची नळी काढली, उरलेला तिसरा कागद घेतला. थेंब टाकला, शुद्ध पाण्याने धुतला, रंग घातला. अर्धा तास गेला. कागदावर एकच ठिपका निळा झाला, दुसऱ्या क्रमांकाचा.

"मण्यार," राजवर्धन म्हणाला. "कागद बरोबर होता. पाणी गोठ्यातल्या डब्यातलं होतं. मला माहीत होतं."

लालासाहेबांनी त्याचा दंड धरला. "काय बोलतुयास, राजा?"

विभागप्रमुखांनी अहवालाचा फॉर्म पुढे सरकवला. 'अपयशाचे कारण' या रकान्यात राजवर्धनने लिहिलं, 'पाणी दूषित होते,' आणि सही करायला पेन टेकवलं.

"थांबा," स्वप्ना म्हणाली. तिने फॉर्म आपल्याकडे ओढून वाचला आणि परत त्याच्यापुढे ठेवला. तिचे डोळे कोरडे होते. "दूषित कशानं, सर? पाणी आपोआप दूषित झालं का? पूर्ण लिहा. तुम्ही माझ्या प्रश्नाला उत्तर काय दिलंत तेही लिहा. अर्धं लिहिणार असाल तर मला तुमची साक्ष नको, माझी चूक म्हणूनच राहू दे."

राजवर्धनने आधीची ओळ खोडली. त्याने लिहायला सुरुवात केली: 'घरात पिण्याच्या पाण्याचा हंडा भरलेला होता. स्वप्ना कांबळे बौद्ध असल्यामुळे त्यातले पाणी त्यांना दिले नाही. त्यांनी मला विचारले, तेव्हा मी हेव्यापोटी खोटे सांगितले. पाणी देण्यास नकार देणारी व्यक्ती...' इथे पेन थांबलं.

"राजा," लालासाहेब म्हणाले. "त्यात तुझ्या आयचं नाव घालू नगंस. ती पोरीच्या मागं अजून अन्नाला शिवली न्हाई."

"मग कुणाचं घालू, तात्या?"

हातातला अर्ज लालासाहेबांनी टेबलावर ठेवला. मग पलटणीत हजेरीला उभे राहत तसे ते सरळ उभे राहिले आणि प्रथमच स्वप्नाकडे नीट पाहिलं.

"माझं घाल," ते म्हणाले. "घर माझं हाय. ती रीत मी ठेवली."

राजवर्धनने ते नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली आपलं.