दत्तोबाची सीट

माझा मुलगा रविंद्र शेळगावचा पोस्टमन, आणि देहाने भारी. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याने सायकलच्या सीटांमागून सीटा मोडल्या. मांड्या सोलल्या तरी टपालाची पिशवी चुकत नव्हती. अखेर बारामतीच्या रामहरी मिस्त्रीने स्पष्ट सांगितले, की या देहाला फोम चालणार नाही. रुंद, कडक चामड्याची, जाड स्प्रिंगांची जुनी सीट पाहा.

तशी सीट गावात एकच होती, दूधवाल्या दत्तोबाची. तो रविंद्रहूनही वजनदार. किटल्या लटकवून वर्षानुवर्षे तिच्यावर बसला. चैत्रात तो कालव्यात मेलेला सापडला. सायकल काठावर पडलेली होती. पुढे ती त्याच्या दारातल्या लिंबाखाली उभी राहिली, आणि तिला कोणी हात लावेना. गाव म्हणे, तिने माणूस खाल्ला.

आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली. शकुन-अपशकुन तेव्हाच उंबऱ्याबाहेर गेले. मी स्वतः दत्तोबाच्या बायकोकडे, सारजाकडे, जाऊन सीट मागितली.

ती मान खाली घालून म्हणाली, "सीट न्या, आक्का. तिच्याखालची दांडी तेवढी ऱ्हाऊ द्या."

मेलेल्याचे काही मागे ठेवायची रीत असेल, असे मी समजले. असले आमच्यात मानत नाहीत, असे तिला बजावले आणि दांडीसकट सीट घरी आणली.

रविंद्र पहिल्याच दिवशी हसला. बाजेवर बसल्यागत वाटते, म्हणाला. फक्त वळणावर ती करकरत असे. दिवसागणिक तो आवाज वाढला. सायकल दारावरून गेली, की सारजा हातातले काम सोडून ऐकत उभी राही आणि मग दार लावून घेई.

हे मला खपेना. एका सकाळी रविंद्र कालव्याच्या वाटेला लागताच मी तिचे दार ठोठावले.

"माझ्या पोराच्या तोंडावर दार लावतीस?"

"आक्का, त्यो आवाज ऐकवत न्हाय. हे गेले त्या आठवड्यात असंच करकरायचं. सीट आवळायच्या पट्टीखाली दांडी चिरल्याली हाय. उद्या बदलतो म्हनले, आन् कालव्यावर तितंच सीट कलंडली. मी सांगत हुते. तुमी ऐकून कुठं घेतलं?"

मी पदर खोचला आणि कालव्याची वाट धरली. पाणी काठोकाठ चालले होते. वाऱ्याला तोंड देत रविंद्र हळूहळू पायडल मारत चालला होता. करकर दुरूनच ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि माझेही पाय थांबले. पुन्हा सुरू झाली.

"रविंद्र, उतर."

का, असे त्याने मला कधी विचारलेले नाही. तो उतरला. मी सीटवर दोन्ही हातांनी भार दिला. दांडी मोडली, सीट पाण्याच्या बाजूला लोंबली.

रामहरीने नवी, जाड दांडी बसवली. सीट तीच आहे; आता करकरत नाही. तरीही रविंद्र परतायच्या वेळी सारजा दारात कान देऊन उभी असते, आणि हल्ली तिच्याशेजारी मी.