पंगतीच्या नावानं

लकवा मारून गेला आणि रामकिशनचं बोलणं थांबलं. ऐकू सगळं येई, समजेही सगळं, पण तोंडून शब्द निघेना. गावच्या सप्ताहात कीर्तनकारामागं उभं राहून ज्या गळ्यानं जन्मभर ध्रुपद धरलं, त्या गळ्यातून आता नुसती हवा यायची.

बोलणं शिकवणाऱ्या लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईला, जवळ बसवून सांगितलं, "मावशी, कधीकधी बोलणं अडतं आणि गाणं वाट काढतं. यांचं स्वतःचं गायलेलं काही असेल तर ऐकवा. खात्री देत नाही, पण करून बघा."

पंचफुलाबाईनं एवढंच धरून ठेवलं. घरी टाळ होते, गळ्यातली माळ होती, आवाज मात्र कुठंच नव्हता. मागं उभं राहून गाणाऱ्याचा आवाज कोण जपून ठेवतो? पण एका सप्ताहात महाराजांची जीप वाटेत बंद पडली होती, आणि ते येईपर्यंत रामकिशननं एकट्यानं गाऊन मंडप धरून ठेवला होता. त्या दिवशी कंधारच्या किशनरावाचं साऊंड होतं, आणि किशनराव कीर्तन रेकॉर्ड केल्याशिवाय माईक गुंडाळत नसे.

किशनराव देवाघरी गेला. त्याचा मुलगा विनोद आता त्याच्याच दुकानात ऑनलाईन फॉर्म भरायचा, फोटो काढायचा. कंधारला आलेल्या पंचफुलाबाईचं सगळं ऐकून त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरची चादर काढली.

"मामी, बापू गेल्यापासून ह्याला कुणी हात लावला न्हाई. चालू झाला तर पांडुरंगाची कृपा."

कॉम्प्युटर चालू झाला, पण असा घरघरला की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. विनोदनं शोधायच्या चौकटीत रामकिशनचं नाव टाकलं. काही नाही. महाराजांचं नाव टाकलं. तेही नाही. गावाचं टाकलं, 'कीर्तन' टाकलं, 'सप्ताह' टाकलं.

"तारखेनं बघ की," पंचफुलाबाई म्हणाली.

विनोदनं तारखेनं लावून बघितलं आणि हसायलाच लागला. "सगळ्याला एकच तारीख! आतला सेल गेल्ता मामी. मशीन रोज सकाळी उठून त्याच एका दिवसात जायचं."

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या आतून टकटक ऐकू आली. विनोदचं हसू गेलं. "ही डिस्क आवाज करून राहिली. किती वेळ दम धरंल सांगता येत न्हाई. सगळं उतरवून घ्यायला जावं तर मधीच बसंल. आपल्याला पाहिजे तेवढंच आधी काढावं लागंल."

पंचफुलाबाईनं स्टूल पुढं ओढलं. "मग नावं वाच. मोठ्यानं वाच."

"नावं काय, लग्नाच्या शूटिंगची हायेत ही. रेवणसिद्ध, प्रीतम, पंढरी, परत रेवणसिद्ध..."

"कोणता रेवणसिद्ध? तेलवाला?"

"व्हय, पुढं तेलवालेच लिहिलंय."

"आन् गावाचं नाव कुठंच न्हाई व्हय रे?"

"न्हाई मामी, फाईलवर नुसती माणसांची नावं हायेत. म्हणून मघाशी काही घावलं न्हाई."

"बरं असू दे. पण रेवणसिद्धचं लग्न झालं तवा गावात लाईट न्हवती. शूटिंग कशाची रे त्याची? लाव बघू."

विनोदनं फाईल उघडली. क्षणभर खरखर झाली, आणि मग पखवाजावर थाप पडली. मागून टाळ, मग गजर. दुकानातल्या झेरॉक्सच्या वासात एकदम बुक्क्याचा वास आल्यागत झालं. पंचफुलाबाईनं नकळत हात जोडले.

"हे तर कीर्तन हाय!" विनोद म्हणाला. "रेवणसिद्ध कीर्तन करायचे?"

"तो? पहिल्याच अभंगाला मान टाकायचा!" पंचफुलाबाई बोलून गेली आणि तशीच थांबली. रेवणसिद्ध, प्रीतम, पंढरी. ह्या तिघांनी कधी वीणा हातात घेतली नव्हती, पण सप्ताहात ह्यांच्या घरच्या पंगती मात्र तिनं वाढल्या होत्या. रोज एका घरची पंगत, आणि ज्याची पंगत, त्याला त्या दिवसाचं कीर्तन प्रसाद म्हणून द्यायचं, अशी गावची रीत. किशनरावाला रेकॉर्डिंग ज्याच्या हातात द्यायचं, त्याचंच नाव त्यानं फाईलला दिलं होतं.

"विनोद, तुझ्या बापानं महाराजाच्या नावानं न्हाई, जेवणाच्या नावानं लिहून ठेवलंय रे!"

"बापू जेवणाला कच्चे न्हवतेच," विनोद म्हणाला. "मग त्या दिवशी पंगत कुणाची होती?"

तिथं पंचफुलाबाईची गाडी अडली. महाराज आठवत होते, जीप आठवत होती, पंगत आठवेना. तिनं शेजारच्या सरजाबाईला फोन लावला.

"सरजे, महाराजांची जीप बंद पडली त्या दिवशी जेवायला काय होतं गं?"

"अगं बाई, भाऊजी घरी पडून हायेत आन् तुला जेवण आठवून राहिलंय?"

"सांग की!"

"भात करपला होता तोच दिवस न्हव का? महाराज येईनात, लोक उठंनात, भात तसाच चुलीवर. ज्याची पंगत तो शंकरप्पा त्या आचाऱ्यावर कसला तापला होता! अजून त्याला भात वाढताना लोक हसत्यात."

"शंकरप्पा!" पंचफुलाबाई विनोदकडं वळून ओरडली. सरजाबाई फोनवर विचारतच राहिली, की मेलं झालं काय.

नाव टाकताच फाईल समोर आली. टकटक वाढली होती. विनोदनं ती पेनड्राईव्हवर घेतली आणि हिरवी पट्टी भरत जाताना दोघंही तिच्याकडं बघत बसले. पट्टी भरली. विनोदनं लगेच आपल्या मशीनवर लावून बघितली. रामकिशनचा आवाज आला, भरदार, जरासा घाईचा. पंचफुलाबाईनं पदर तोंडाला लावला. विनोदनं पैशाचं नाव काढू दिलं नाही. म्हणाला, "मामा बोलले तर फोन करा, बस्स."

घरी मुलानं, भारतनं, टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. रामकिशन उशीला टेकून बसला होता. मंडपातला गलका आला, मग त्याचा स्वतःचा आवाज. आधी तो नुसता बघत राहिला. मग डोळ्यांतून पाणी आलं. पंचफुलाबाई ओठांकडं टक लावून बसली होती. ओठ काही हलेनात.

"बाबा, म्हणा की सोबत," भारत म्हणाला.

गाणं वर चढलं, चाल बदलली, आणि एका जागेवर रामकिशनच्या कपाळाला आठी पडली. चांगला हात त्यानं हवेत झटकला. भारतला वाटलं, बंद करायला सांगतायत. तो उठलाही.

"न्हाई," रामकिशन म्हणाला.

जड होतं, ओढून काढल्यासारखं होतं, पण सरळ ऐकू आलं. रामकिशननं टीव्हीकडं बोट केलं, मान जोरात हलवली आणि मांडीवर हळू ठेका धरला. त्या दिवशी घाईत त्यानं ती जागा उतावीळपणे घेतली होती, आणि आता ती त्याला सहन होत नव्हती.

"चुकलंय का तिथं?" पंचफुलाबाईनं विचारलं. हसू आणि रडू तिचं एकच झालं होतं. "मग बरोबर कसं, ते दाखवा."

रामकिशननं डोळे मिटले. गळ्यातून खरखरीत, फाटका सूर निघाला, थरथरला, मध्येच तुटला. त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून धरला, ह्या खेपेला सावकाश.

भारतनं रिमोट उचलला. "थोडं मागं घेऊ का बाबा?"

"हाव," रामकिशन म्हणाला.