हेमलतेची दोरी

पुष्पावतीनं चित्रं कुणाला दिसू नयेत असं पुस्तक छातीशी धरलं आणि पान उलटलं.

"मंग?" बनुबाईची सुकडीची मूठ तोंडाशीच थांबली. "सोडली का न्हाई तिनं दोरी?"

"सोडली की मावशी. दातानं कुरतडली."

"आता कसं!" छबूबाईनं मांडीवर थाप मारली.

बहात्तरचं साल. श्रीगोंद्याच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्या बाया दुपारी सरकारी वाटपाची सुकडी खायला वठलेल्या बाभळीखाली गोळा व्हायच्या आणि सातवीतून शाळा सुटलेली पुष्पावती त्यांना चित्रकथा वाचून दाखवायची. पुस्तकं हजेरी मांडणाऱ्या सूर्यभानची. नगरच्या एसटी स्टँडवरून तो ती आणायचा.

त्या पुस्तकांत बाई म्हणजे नुसतं गाठोडं. डाकू उचलून नेतो, राजपुत्र उचलून आणतो. मधल्या पानांत ती रडते, बेशुद्ध पडते, आणि शुद्धीवर येते ती पुन्हा बेशुद्ध पडायलाच. तिला भूक नाही, तहान नाही, कुणाचा राग नाही. लिहिणाऱ्यानं जन्मात कधी बाई बघितली होती की नाही, देव जाणे. पहिल्या दिवशी पुष्पावतीनं लिहिलं होतं तसंच वाचलं, तेव्हा छबूबाई म्हणाली होती, "ही बया आमच्यात एक दिस टिकायची न्हाई." आणि बाया उठून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून पुष्पावतीनं लिहिलेलं वाचणं सोडलं. राजकन्या हेमलता डाकूंच्या भाकरी थापता थापता पिठात धोतऱ्याचं बी मिसळू लागली. घोडा हाकायला शिकली. एकदा तर पळून जाता जाता मागं फिरून डाकूच्या बायकोचं बाळंतपण करून आली. बाया दिवसभर खडी फोडताना हेमलतेचंच बोलत, जणू शेजारची लेक. शाळा सुटल्यापासून पुष्पावतीला "पुढं काय गं?" असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

त्या दिवशी हजेरीवर अंगठे घेऊन सूर्यभान शाईचं पॅड घेऊनच सावलीला आला होता.

"दातानं कुरतडली?" तो खो खो हसला. "कुठल्या पानावर गं, पुष्पे? शेवटापतुर खांबालाच हाय ती. मी तीनदा वाचलंय."

त्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि बायांसमोर उघडं धरलं.

"हे बगा. अक्षर येत न्हाई, पर डोळं तर हायेत?"

खांब. दोरी. हेमलतेची मान एका बाजूला पडलेली.

पुष्पावती पायाच्या नखानं माती उकरत राहिली. उद्या आपल्याभोवती कुणी बसणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

बनुबाईनं पुस्तक घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं.

"हिचं केस कुणी विंचरलं रं? हात तर बांधल्यात."

बाया फसकन हसल्या.

"अगं पर हिनं खोटं वाचलं की!" सूर्यभान म्हणाला.

"तू हजेरीत काय मांडतो, ते आमी कदी इचारलंय?" बनुबाईनं हात पुढं केला. "पॅड आन हिकडं."

सूर्यभाननं गुमान पॅड दिलं. तिनं अंगठा दाबला, नीट नेम धरला आणि दोरीच्या गाठीवर टेकवला. गाठ निळ्या शाईत बुडाली.

"सरक जरा," छबूबाई म्हणाली, "खांब राह्यलाय अजून."

मग एकेक बाई पुढं आली. पुस्तक फिरून पुष्पावतीकडं आलं तेव्हा शाई ओली होती.

"वाच," बनुबाई म्हणाली. "दोरी सुटली. पुढं?"

सूर्यभाननं ते पुस्तक परत मागितलं नाही.

आता ती बाभूळ नाही, बनुबाई नाही. पुस्तक पुष्पावतीच्या ट्रंकेत आहे. त्या पानावर हेमलता शोधूनही सापडत नाही. तिथं तेरा निळे अंगठे आहेत, एकावर एक चढलेले, आणि कुठला कुणाचा, हे पुष्पावती अजून बोट ठेवून सांगते.