एक लिटरचा पहारा

दामूचं हृदय निम्म्यानंच चालतंय, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि विमलबाईनं घरात पोलीस ठाणं उघडलं. "दिवसाला एक लिटर. त्याच्यावर गेलं की छातीत पाणी साचणार, श्वास कोंडणार," डॉक्टर म्हणाले होते. बस्स! रोज सकाळी ती लिटरची बाटली भरायची आणि नवऱ्याला घोट घोट मोजून द्यायची. हंड्याच्या खोलीला बाहेरून कडी. शेजारची धोंडुबाई एकदा म्हणाली, "अगो, पाणी भरपूर प्यावं, मोबाईलवर सगले सांगतात." तिला विमलबाईनं ओटीवरूनच परत पाठवलं. दामू वाळलेली जीभ दाखवून विनवायचा. पण ती देईल तर शपथ. त्याची भरपाई ती खाण्यात करायची. सकाळ-संध्याकाळ वाडगाभर पातळ पेज, दुपारी ताक, कुळथाचं सार, झोपताना दूध. आजारी माणसाच्या अंगात ताकद नको?

इतकं करून दहाव्या दिवशी सकाळी दामूची पावलं टम्म सुजली. बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. त्याला आडवं पडवेना, बसून नुसत्या धापा. विमलबाईनं बाटली बघितली. कालची बाटली काल रात्रीच संपलेली, थेंब जास्त गेलेला नाही. मग हे पाणी आलं कुठून?

मुलगा कामाला रोह्याला, म्हणजे घरात दिवसभर तिसरं माणूस एकच, सून नूतन.

"तूच पाजलंस! माझी पाठ फिरली की तांब्या लावत होतीस!"

"देवाशपथ नाय, आई."

"मंग काय आभाळातून पडलं?"

गावातल्या हरेशची रिक्षा दारात आली. दोघींनी दामूला मध्ये धरून बसवलं. गडब गाव मागे पडलं, आणि वडखळच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली ती अडकलीच. हरेश हॉर्न वाजवून थकला. दामूच्या छातीतून घरघर येत होती, ओठ काळेनिळे पडायला लागले होते.

"पाणी," तो म्हणाला.

"नाय अवो, पाणी नाय. जरा कळ काढा."

"एकच घोट गो."

विमलबाईनं तोंड फिरवलं. रडू आलं ते रागावर काढलं आणि तिथूनच रोह्याला मुलाला फोन लावला. सुजय कंपनीत, पहिल्या शिफ्टला. "तुझ्या बायकोनं तुझ्या बापाला चोरून पाणी पाजलं. आता धड पोचतो का नाय ते बघ!" पलीकडून सुजय एवढा ओरडला की हरेशनंसुद्धा मान वळवली.

"आई, ऐका तरी, ती रोजची..." नूतन म्हणाली.

"एक अक्षर बोलू नको!"

नूतननं सासऱ्याची पाठ चोळायला घेतली आणि पेण येईपर्यंत हात थांबवला नाही.

दवाखान्यात दामूला लगेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. "पाणी किती देत होता?"

"एक लिटर. थेंब जास्त नाय. मी स्वतः देत होते." विमलबाईची मान ताठ होती. सून मागे उभी होती, तिलाही ऐकू जावं म्हणून ती जरा मोठ्यानंच बोलली.

"आणि बाकी काय काय जातं पोटात?"

विमलबाईनं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. चहा दोनदा. पेज. ताक. सार. दूध. वाडगा केवढा, ते दोन्ही हातांनी दाखवलं.

डॉक्टरांनी तिच्या हातांवरून वाडग्याचं माप धरून बोटांवर हिशेब केला. मग हळू आवाजात म्हणाले, "आई, हे सगळं पाणीच झालं. एक लिटर म्हणजे सगळं पातळ धरून. तुमचं दिवसाला अडीच-तीन लिटर जात होतं. वर त्यात मीठ."

"पण पेज म्हंजे अन्न हाय!"

"त्यातला भात तेवढं अन्न, बाकीचं पाणी. चूक आमचीही आहे, तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. आता लघवी मोकळी होतेय, धाप जरा कमी झालीय. आजचा दिवस जाऊ दे."

विमलबाई बाकावर बसली. दहा दिवस तिनं तहानेल्या माणसाला घोट नाकारला होता आणि त्याच हातानं वाडगे भरले होते. वाचतील ना हे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात सुजय आला. कंपनीचे बूट तसेच, डोळे लाल. बापाचं विचारलं नाही, आईकडे बघितलं नाही, तडक नूतनकडे गेला. "काय केलंस तू?"

नूतन भिंतीला टेकली.

विमलबाईला गप्प बसणं सोपं होतं. तिला ते कळत होतं. डॉक्टर आत गेले होते, त्यांचं बोलणं सुनेशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. नवरा-बायकोत दोन दिवस भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. ती उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"तिनं नाय रे. मी पाजलं. पेज, ताक, सार, सगलं मीच. तिच्यावर फुकट आळ घेतला."

सुजयला काही समजेना. विमलबाई सुनेकडे वळली. "रिक्षात तू हेच सांगत होतीस?"

"चार दिवस मनात येत होतं, आई," नूतन म्हणाली. "पण तुम्ही इतक्या मायेनं भरवत होतात. नि मला वाटलं, ओरडाल."

"ओरडलेच असते." विमलबाईनं तिचा हात धरला. "पुढच्या वेलंला मी ओरडले, अंगावर आले, तरी बोल गो. माझं ऐकू नको, बोल."