कोपऱ्यातल्या टेबलावरची वाक्यं

राजधानीतल्या नोर्यांगजिन भागात माझी खानावळ आहे, तळघरात. वर चढावर क्लासेसच्या इमारती एकीला एक चिकटून उभ्या आहेत, आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलेली पोरं माझ्याकडे जेवतात. ती मला मावशी म्हणतात. खानावळ चालवणाऱ्या बाईला इथे सगळेच मावशी म्हणतात, त्यात प्रेमबिम काही नसतं. पण वर्षानुवर्षं कुणी मावशी म्हणत राहिलं की बाई खरंच मावशी होऊन बसते.

माझ्याकडे काय वाटेल ते मिळेल, समुद्रशेवाळाचं सूप मिळणार नाही. शेवाळ बुळबुळीत. परीक्षेआधी खाल्लं की पोरगं घसरलंच म्हणून समजा. वाढदिवसाला देशभर हेच सूप पितात, पण इथली पोरं स्वतःच्या वाढदिवसालाही त्याचं नाव काढत नाहीत. एकदा एका नव्या स्वयंपाकिणीने परीक्षेच्या तोंडावर ते रांधलं, तर पोरांनी भरलेली ताटं टाकून पळ काढला. त्या बाईला मी त्याच दिवशी निरोप दिला.

दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर चौघं बसत. ते मित्र नव्हते. एकट्याने जेवलं की मन खचतं आणि मैत्री झाली की वेळ जातो, म्हणून इथे अनोळखी माणसं ठरवून एकत्र जेवतात, जेवता जेवता एकमेकांची उजळणी घेतात आणि ताट ठेवून चालू लागतात. नाव विचारायचं नाही. घरचं काही बोलायचं नाही, बोललं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कॉफी पाजायची. हाक मारायची ती ज्या खात्यासाठी धडपड चालली आहे त्या खात्याच्या नावाने. त्यामुळे माझ्याकडे तुरुंग जेवायचा, आयकर जेवायचा, टपाल जेवायची आणि जकात जेवायची.

"तुरुंग, ती किमची इकडे सरकवा."

"सरकवतो. पण टपालबाई, तुम्हाला मिळेपर्यंत आठवडा जाईल."

"आणि आयकरसाहेब, माझ्या ताटातला मासा तुम्हाला दिसला कसा?"

"दिसणारच. खातंच तसं आहे."

एवढी थट्टा झाली की कामाला लागायचे. काम म्हणजे इंग्रजी. इंग्रजीत म्हणे शब्दांची लग्नं लागलेली असतात. आपण औषध खातो, ते घेतात. आपण निर्णय घेतो, ते बनवतात. लक्ष द्यायचं तर त्यासाठी पैसे मोजल्यासारखं बोलतात. एक शब्द दुसऱ्याच शब्दाशेजारी बसवला की मार्क गेला. चौघांपैकी एकाचंही स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, पण शब्दांची लग्नं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

टपाल जोडी वाचायची, ज्याची पाळी त्याने त्यावर रोजच्या जगण्यातलं एक वाक्य बनवायचं. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही, ते डोक्यात राहत नाही म्हणे. मग तुरुंग, वयाने सगळ्यांत मोठा, म्हणायचा, "बरोबर." किंवा "चूक." की पुढची जोडी. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी आपली शेगडीपाशी उभी राहून ओरडायची, "भात टाकू नका रे, तुमच्या बापाने पिकवलाय का!"

जकात माझ्या ओरडण्याला हसायची. सडपातळ पोरगी, केस रबराने मागे बांधलेले, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. तिचं नाव मला कळलं ते तिच्या आईमुळे.

आईने फोन खानावळीच्या नंबरवर केला. "ताई, तुमच्याकडे आमची दासोम जेवते. जकात खात्याची परीक्षा देणारी. आम्ही वांदोकडच्या बेटावरचे, शेवाळ लावतो समुद्रात." मी फोन खांद्याशी धरून मुळा चिरत होते. मग म्हणाली, "तिच्या बाबांना पोटात गाठ निघालीय. पसरलीय. डॉक्टर म्हणतात, वसंत निघाला तर निघाला. तिला कळू द्यायचं नाही. परीक्षा झाली की सांगू. तोवर तिच्या पोटात दोन घास नीट जातात की नाही तेवढं बघाल का?"

इथे हे नवं नाही. पोर परीक्षेला बसलं की घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तरी त्याच्यापर्यंत पोचू देत नाहीत. मी "बरं" म्हटलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनेही तेच म्हटलं असतं.

चार दिवसांनी पार्सल आलं. आत वाळवलेल्या शेवाळाचं जाडजूड पुडकं, आणि आईचा फोन, "त्यांनी स्वतः बांधलंय, हात थरथरत होते तरी. म्हणाले, परीक्षा झाली की तिच्या टेबलावरच्या सगळ्यांना सूप पाज म्हणावं." मी ते पुडकं सगळ्यांत वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे ठेवलं.

तिची आई रोज सकाळी फोन करायची, आणि मी पोरीला जपायला लागले. कधी तिच्या भाताखाली अंडं लपव, कधी माशाचा मधला तुकडा ठेव. टपालच्या नजरेतून ते सुटलं नाही. "मावशी, जकातीला सवलत आणि आम्हाला दरवाढ?" मी म्हटलं, "तू गप जेव."

पण जवळपास घुटमळायला लागल्यावर मला एक गोष्ट जाणवली. इंग्रजी मला येत नसलं तरी फादर म्हणजे बाप, मदर म्हणजे आई एवढं कळतं. जकातीच्या प्रत्येक वाक्यात फादर असायचा. जोडी कुठलीही येवो, फादर. इतरांच्या वाक्यांत बस असायची, भाडं असायचं, छत्री असायची.

एक दिवस तुरुंग एकटाच लवकर आला. मी त्याला धरलं. "काय रे, ती जकात रोज काय म्हणते?"

"वाक्यं म्हणते, मावशी."

"ते कळतं मला. त्यांचा अर्थ काय?"

त्याने चमचा पुसत आठवून आठवून सांगितलं. त्याची स्मरणशक्ती चांगली, नोकरी तेवढी मिळत नव्हती. "परवा वजनाची जोडी होती. ती म्हणाली, माझ्या बाबांचं वजन उतरत चाललंय. मग औषध घेणे. बाबा औषध घेतात, पण उलटून पडतं. खोटं बोलणे. माझी आई रोज संध्याकाळी माझ्याशी खोटं बोलते. गुपित राखणे. सगळं गाव माझ्यापासून एक गुपित राखून आहे." तो समाधानाने मान हलवत म्हणाला, "छान बनवते. सगळी बरोबर असतात."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "बरोबर असतात?"

"एकही चूक नाही."

"अरे मेल्या, तीन वर्षं घोकंपट्टी करून तुझी अक्कल पार झिजली का? पोरगी तुमच्यासमोर बसून रोज काय सांगतेय, आणि तू तिला बरोबर म्हणतोस?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आम्ही शब्द नीट बसलेत का तेवढंच बघतो हो," तो म्हणाला, आणि त्या दिवशी न जेवताच गेला.

जेवणं आटोपल्यावर जकात ताट ठेवायला आली तेव्हा मी तिचा हात धरून तिला भांडी घासायच्या मोरीपाशी नेलं. नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "दासोम," मी म्हटलं. आपलं नाव ऐकून ती दचकली, आणि मग तिला सगळं समजलं.

"आईने फोन केला ना तुम्हाला?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"जानेवारीपासून. मी फोन केला की आई म्हणते बाबा होडीवर गेलेत. एकदा वादळाचा इशारा होता, आमच्याकडच्या सगळ्या होड्या बांधलेल्या होत्या. मी बेटावरची आहे, मावशी. त्या दिवशी कुणी होडीवर जात नाही. मग गावातल्या एका मैत्रिणीला शपथ घालून सगळं काढून घेतलं."

"मग जा ना घरी! इथे काय करतेस?"

ती ताटातला उरलेला भात चमच्याने गोळा करत राहिली. "मी गेले तर बाबांना कळेल की मला कळलंय. त्यांच्याकडे आता दुसरं काही उरलं नाही. मला यातलं काही माहीत नाही, मी इथे आरामात अभ्यास करतेय, एवढंच त्यांना जपता आलंय. ते मी कसं मोडू? त्यांनी मला वचन दिलंय, परीक्षा झाली की स्वतः धक्क्यावर घ्यायला येतो म्हणून."

"आणि तुझं काय? कुणाजवळ बोलतेस तरी का?"

"बोलते की, रोज. आपल्या भाषेत बोलले तर रडू येतं, आणि रडले तर तो दिवस गेला. इंग्रजीत रडू येत नाही. बोलून टाकायचं. समोरचा बरोबर म्हणतो, की पुढची जोडी."

मी नळ बंद केला.

"आईला सांगू नका मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "आणि मावशी, आईचा फोन तुम्हाला रोज येतो ना? माझं वाक्य झालं की मी तुमच्याकडे बघीन. बाबा ठीक असले तर नुसती मान हलवा."

तेव्हापासून आईचं गुपित लेकीपासून आणि लेकीचं गुपित आईपासून राखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज दुपारी जकात वाक्य म्हणायची, शेगडीकडे बघायची, मी मान हलवायची, मग ती घास घ्यायची. तुरुंगाने बाकीच्या दोघांना काही सांगितलं असावं, कारण तिच्या वाक्यानंतर आता कुणी बरोबर म्हणत नव्हतं. टपाल तिला पाणी ओतून द्यायची. आयकर खाली बघून जेवायचा.

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी सकाळी मी भात चढवत होते तेव्हा फोन आला.

"गेले," आई म्हणाली. "पहाटे गेले. ताई, रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नेणार. त्याच वेळी तिचा पेपर. त्यांनी काल शुद्धीत असताना माझ्याकडून कबूल करून घेतलंय, पोरीला पेपर देऊ द्यायचा. पेपर सुटला की सांगा. तोवर तुम्ही सांभाळा तिला, पाया पडते."

मी बरं म्हटलं. बाई नवऱ्याच्या उशाशी बसून बोलत होती.

त्या सकाळी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. मनाशी म्हणत होते, एक मान तर हलवायची आहे. रोज हलवतेस, आजही हलव. दोन दिवसांचा प्रश्न आहे. पोरीची तीन वर्षं आहेत त्यात, आणि मेलेल्या माणसाचा शब्द.

दुपारी चौघं बसले. टपालने जोडी वाचली, "कीप अ प्रॉमिस." वचन पाळणे. तेवढं मला आता कळायला लागलं होतं. पाळी जकातीची होती.

"माय फादर विल कीप हिज प्रॉमिस," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

माझी मान हलली नाही. खरं सांगते, मी जोर लावला, पण मान हलली नाही. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, आणि मागे भात उतू जात होता तो जाऊ दिला.

तिने चॉपस्टिक्स नीट जुळवून ताटाशेजारी ठेवल्या आणि आपल्या भाषेत म्हणाली, "मावशी, घरून शेवाळ आलंय ना? बाबा दर वर्षी पाठवतात. आणा."

"शनिवारी पेपर आहे, बाळा."

"ज्यांच्यासाठी मला काही माहीत नव्हतं, ते आता नाहीत. आणा."

मी स्टुलावर चढून पुडकं काढलं. त्याची गाठ सुटता सुटेना. त्या माणसाने थरथरत्या हाताने दोरीवर दोरी गुंडाळली होती. शेवाळ भिजत घातलं, तिळाच्या तेलात मांस परतलं, पाणी ओतलं. वास पसरला तशी खानावळीतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोघं-तिघं उठून गेले. एक मुलगी ओरडली, "मावशी, वेड लागलं का, परवा परीक्षा आहे!" मी नेहमीसारखी तिच्या अंगावर गेले नाही.

मी एक वाटी जकातीसमोर ठेवली. तिने पहिला चमचा घेतला आणि आत्तापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मान खाली घालून ती रडत होती आणि रडता रडता सूप पीत होती.

आयकर उठला. "माफ करा," तो म्हणाला, "माझी ही शेवटची संधी आहे. घरचे यापुढे पैसे पाठवणार नाहीत." त्याने तिला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि गेला. मी त्याला नावं ठेवत नाही.

टपालने आपलं ताट बाजूला सरकवलं. "मावशी, मला एक वाटी."

"तुला पेपर नाही का?"

"आहे. द्या."

तुरुंगाने हात पुढे केला. त्याचं ते चौथं वर्ष होतं. मी त्याच्या वाटीत शेवाळ कमी आणि पाणी जास्त वाढत होते, तर म्हणाला, "मावशी, नीट वाढा."

तिघं जेवली. जकातीने वाटी तळापर्यंत संपवली, डोळे पुसले आणि दोघांकडे पाहून सांगितलं, "माझं नाव दासोम. माझे बाबा आज गेले."

तुरुंगाचं तोंड सवयीने बरोबर म्हणायला उघडलं, आणि त्याने ते तसंच मिटलं. टपाल हुंदके देत होती. दासोम उठली, मला म्हणाली, "मोक्पोची गाडी मिळेल अजून, तिथून पुढे घरी जाईन," आणि पाठीवर पिशवी टाकून जिना चढून गेली. मी तिची वाटी उचलली आणि मोरीत नेऊन घासली.